काजळीचं नाव

मी भांडायला आले होते, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, की आक्का माहेरच्या जत्रेला आली, देवाला नारळ फोडला आणि जाता जाता दुधात मिठाचा खडा टाकून गेली. नारळ मी आणलाच नव्हता. शेवगावहून निघाले, नगरला एसटी बदलली, गावच्या फाट्यावर उतरले, भावाच्या घरी पिशवी टाकली आणि तडक घाटाकडे चालायला लागले. मागून वहिनी ओरडली, "अवो आक्का, च्या तरी घ्या की!" म्हटलं, नंतर. तोंड कडू आहे तोवरच बोलून येते.

घाट म्हणजे डोंगरातला वळणाचा रस्ता नव्हे. आमच्या पारनेरकडे घाट म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीची चढाची पट्टी. मारुतीच्या देवळामागून ती सुरू होते आणि माळाच्या डोक्यावर जाऊन संपते. खाली गाडा सुटतो, वर निशाण पडतं, आणि मधला वेळ मोजतात. एवढंच. या एवढ्याशासाठी गावानं काय काय केलंय ते मला विचारा.

आता तो घाट ओळखू येत नाही. दोन्ही अंगांना सिमेंटच्या पायऱ्या झाल्यात. वर लाल आकड्यांचा बोर्ड, गाडा पोचला की आकडे आपोआप थांबतात. डोक्यावर ड्रोन घिरट्या घालतो. मोबाईलवर लाइव्ह दिसतं म्हणे, परदेशात बसलेली पोरंसुद्धा बघतात. कमानीवर पुढाऱ्यांचे फोटो, एकेकाचं हसू हातभर. खाली जिल्ह्याचं नवं नाव ताज्या रंगात. जनरेटरचा धूर आणि वड्याच्या जळक्या तेलाचा वास सगळ्या माळावर पसरलेला. मला यातलं काहीच नको होतं. मला हवा होता तो टँकरनं नुकत्याच भिजवलेल्या मातीचा वास, घामेजल्या घोंगडीचा, गुळाचा आणि काजळीचा. काजळी म्हणजे आमची घोडी.

कमानीच्या खांबावर संगमरवराची पाटी आहे. या घाटाचा आजवरचा विक्रम, असं वर कोरलंय. खाली गाडामालक भाऊसाहेबांचं नाव. त्याखाली चारही बैलांची नावं, मन्या, लक्ष्या, सोन्या आणि बादल. त्याखाली सेकंद, आणि सेकंदाचेही तुकडे. पाटी मी दोनदा वाचली. मग पदरानं पुसून वाचली, धुळीखाली काही राहिलं असेल म्हणून. घोडीचं नाव नव्हतं.

आमच्याकडच्या शर्यतीत गाड्यावर माणूस बसत नाही. हलका गाडा, त्याला चार बैल, आणि त्यांच्या पुढे एक घोडी, घोडीवर स्वार. बैल घोडीच्या मागं पळतात. घोडी जेवढी पळेल तेवढेच बैल पळणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण घाटाचा राजा कोण? तर गाडामालक. गुलाल कुणाला? बैलांना. वर्तमानपत्रात फोटो कुणाचा? फेटा बांधून बैलाशेजारी उभ्या राहिलेल्याचा, ज्यानं सकाळपासून पळायचं सोडा, चालण्याचेही कष्ट घेतले नाहीत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

तर माझं मागणं एकच होतं. संध्याकाळी फायनल होती. त्याआधी हा जुना विक्रम माइकवरून वाचायचा आणि भाऊसाहेबांच्या घरच्यांचा सत्कार करायचा, असं कमिटीनं ठरवलं होतं. त्या वेळी काजळीचं नाव घ्या. एकदाच. यंदाचे बैल असे सुटलेत की विक्रम मोडणार, मग पाटी बदलणार, मग कोण कुणाला विचारतो! आणि दुसरं असं, की काजळीवर बसणारे माझे अण्णा, माझे वडील, गावात भावाच्या पडवीत खाटेवर आहेत. आता यांना दवाखान्यात हलवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलंय. भोंग्याचा आवाज त्या खाटेपर्यंत जातो. त्यांच्या कानात जीव आहे तोवर ते नाव त्यांना ऐकू यायला हवं होतं.

काजळी आमच्याकडे आली तेव्हा मी चौथीत होते. अण्णांनी तिला लांबच्या बाजारातून चालवत आणलं. दोघेही धुळीनं माखलेले, दोघांचेही डोळे लाल. रंगानं काळी, एक मागचा पाय तेवढा पांढरा. आईनं दारातच कमरेवर हात ठेवले. "सवत आनली व्हय मला?" म्हणाली. अण्णा म्हणाले, "तुज्यापरीस कमी बोलती." त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही. आम्ही भावंडांनी शेंगा खाल्ल्या आणि छपरात जाऊन घोडीकडे बघत बसलो. तीही आमच्याकडे बघत होती आणि कानाच्या टोकानं माश्या हाकलत होती.

मग आमच्या घराचा वास बदलला. भिजवलेल्या हरभऱ्याचा आंबूस वास, कापलेल्या घासाचा हिरवा वास, तिच्या पायांना चोळायच्या करडईच्या तेलाचा वास. शाळेत पोरी माझ्याजवळ बसायला नाक मुरडायच्या. मला काय त्याचं! पहाटे अण्णा हाक मारायचे, "पोरी, ऊठ, उजाडलं." उजाडलेलं नसायचं. मी हरभऱ्याचा तोबरा तिच्या तोंडाशी धरायची आणि ते खरारा करायचे. त्या खराऱ्याचा खर्र खर्र आवाज अजून कानात आहे. खांद्यापासून मागच्या मांडीपर्यंत एका लयीत हात जायचा, आणि काजळी एकेक पाय आलटून पालटून सैल सोडायची. मग अण्णा तिला माळावर काढायचे. आधी टापा ऐकू यायच्या, सुट्या सुट्या मोजता येतील अशा. मग त्या एकमेकींत मिसळायच्या आणि नुसता एक लांब आवाज उरायचा. मग तोही माळापलीकडे जायचा. मी रिकामा तोबरा घेऊन उभी असायची. आई घरातून ओरडायची, "गेली का भवानी? आता मानसांचं बी बघा जरा!"

आई तिला शिव्या द्यायची, पण भाकरीचा पहिला तुकडा तिलाच द्यायची. हे कुणी बघितलं तर म्हणायची, करपला हुता.

शर्यतीच्या दिवशी बायांनी घाटाकडे जायचं नाही, असा गावाचा कायदा. का, ते कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारायचं नव्हतं. आता पायऱ्यांवर बायका ऐसपैस बसतात, भेळ खातात, पोरी मोबाईल वर धरून फोटो काढतात. काढा बायांनो, मला काही म्हणायचं नाही. आम्ही मात्र शाळेच्या गच्चीवर दाटीवाटीनं बसायचो. तिथून घाट दिसायचा नाही, फक्त वर उठणारी धूळ दिसायची. मी काजळीची शर्यत कधी पाहिली नाही, सगळ्या शर्यती ऐकल्या. आधी भोंग्यातून निवेदकाचा आवाज यायचा. गाडामालकाचं नाव, गावाचं नाव, बैलांची नावं. मग गाव एकदम गप्प व्हायचं. पाणी पिणारा माणूससुद्धा तांब्या हातात धरून थांबायचा. आणि मग, "झाली झाली झाली... भिर्रर्र!" ती आरोळी झाली की बैलांचा गडगडाट उठायचा, आणि त्याच्या पुढे, थोडा पुढे, एकच बारीक, नेमका आवाज. तो काजळीचा. शंभर घोड्यांत मी तो ओळखला असता. आईही ओळखायची, पण कबूल करायची नाही.

विक्रम झाला तेव्हा मी कॉलेजात जायला लागले होते. त्या वर्षी भाऊसाहेबांचे चार बैल होते आणि पुढे काजळी. सकाळपासून ऊन असं तापलं होतं की गच्चीवर बूड टेकवत नव्हतं. आरोळी झाली. गडगडाट उठला आणि उठला म्हणेपर्यंत संपला. मला वाटलं, मध्येच काही अपघात झाला. आईनं माझा दंड घट्ट धरला, नखं रुतली. मग निशाणापाशी बोंब उठली. भोंगा खरखरला. निवेदकाला धड बोलता येईना. वेळ मोजणारा म्हातारा गुरव गळ्यातल्या घड्याळाकडे पुन्हा पुन्हा बघतोय, असं तोच माइकवरून सांगत होता. मग म्हणाला, घाटाचा राजा! मग भाऊसाहेबांचं नाव. मग मन्या, लक्ष्या, सोन्या, बादल. मी वाट बघत होते. आई म्हणाली, "आता घेतील." मग भाऊसाहेबांच्या भावाचं नाव घेतलं. मग मळ्यातल्या वाटेकऱ्याचं. मग बैलांना पेंड दिलेल्या दुकानदाराचं. आई पुन्हा म्हणाली, "थांब की, घेतील." मग हलगी सुरू झाली.

संध्याकाळी अण्णा आले. अंगावर गुलालाचा एक ठिपका नव्हता. मिरवणुकीत बैल पुढे होते, आणि हे घोडी धरून सगळ्यांच्या मागं. दारात आई तबक घेऊन उभी होती. माझ्या आईनं, जिनं उभ्या जन्मात त्या घोडीला नावानं हाक मारली नव्हती, तिनं काजळीच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं आणि म्हणाली, "ये माजे सवती, घरात ये." अण्णा ओट्यावर बसले. काजळीचा पुढचा पाय मांडीवर घेऊन चोळत राहिले. कुणाकडेही न बघता म्हणाले, "एकदा नाव घ्यायला पायजे हुतं. माजं नगं. तिचं." एवढंच. अण्णांनी आयुष्यात गावाकडे मागितलेलं हे एवढंच, आणि तेही गावापुढे नाही, ओट्यावर.

मग माझं लग्न झालं, शेवगावला गेले. मग शर्यतींवर बंदी आली. दरवर्षी माहेरी यायची तेव्हा घाट थोडा थोडा मरत गेलेला दिसायचा. आधी निशाणाचा खांब गेला, मग चढावर बाभळी उगवल्या, पोरं क्रिकेट खेळायला लागली. बैल विकले गेले. घोडीवाल्यांनी घोड्या लग्नात लावल्या. काजळीच्या अंगावर आरशाची झूल आली, डोक्यावर तुरा आला, पायांत घुंगरू. आमच्या घरात वरातीमागून घोडं ही म्हण वापरायची सोय राहिली नाही. दुसरे लोक घोड्यांना बँडवर नाचायला शिकवायचे, दोन पायांवर उभं करायचे, लोक नोटा उडवायचे. अण्णांनी तिला तसलं काही शिकवलं नाही. "ती चालंल," म्हणायचे, "नवरदेव पडनार न्हाई एवडी माजी हमी."

आणि भाऊसाहेबांच्या पोराचं, राहुलचं, लग्न निघालं. मी तेव्हा माहेरी होते, माझं धाकटं कडेवर होतं. गावातच लग्न, गावातलीच घोडी. राहुल काजळीवर बसला, डोक्याला मुंडावळ्या, हातात कट्यार. मारुतीच्या पाया पडायला नवरदेव निघाला. पुढे डीजे, त्याच्यापुढे नाचणारी पोरं, शेंदूर फासल्यासारखी लाल तोंडं. देवळापाशी मिरवणूक थांबली. देवळामागेच घाट. काजळीनं कान टवकारले, ते मी पाहिलं. अण्णांनी लगाम आखडून घेतला, तेही पाहिलं. आणि राहुलच्या चुलत्याला गंमत सुचली. कुठली बुद्धी झाली देव जाणे! त्यानं डीजेवाल्याच्या हातातला माइक ओढला आणि जुन्या निवेदकाच्या आवाजात ओरडला, "झाली झाली झाली... भिर्रर्र!"

हे फक्त आमच्याच गावात होऊ शकतं. त्या आरोळीला नाचणारी पोरं नकळत दोन्ही बाजूंना फाकली, जशी घाटात फाकतात. रस्ता मोकळा झाला. अण्णांच्या हातातून लगाम गेला. म्हातारी झालेली, झूल घातलेली, घुंगरू बांधलेली आमची काजळी नवरदेव घेऊन घाटाला लागली.

त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा पळताना पाहिलं. इतकी वर्षं नुसतं ऐकलं होतं. बाभळीची झुडपं होती, ती त्यांतून गेली. झूल उडाली, तुरा उडाला. तिचं पोट जमिनीला लागतंय असं वाटत होतं. मागं बैल नव्हते, गाडा नव्हता, मोजणारा कुणी नव्हता. बघता बघता ती माळाच्या डोक्यावर होती आणि आभाळासमोर उभी होती. नवरदेव वर शाबूत. मी कडेवरच्या पोराला म्हटलं, बघ, आपली काजळी बघ! माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी वेड्यासारखी हसत होते. त्या घाटात कुणी तेवढं पळालं असेल, असं मला आजही वाटत नाही. पाटीवर काय कोरायचं ते कोरा.

सगळे धापा टाकत वर पोचलो. अण्णा पुढे होते. ते थेट काजळीजवळ गेले, खाली बसले आणि तिचे पाय चाचपायला लागले. भाऊसाहेब मागून आले. त्यांनी अण्णांना दंडाला धरून उठवलं आणि थोबाडीत मारली. एकच. सगळ्या गावासमोर, सुनेच्या माहेरच्या माणसांसमोर, माझ्यासमोर. फेटा पडला. माइक ओढणारा चुलता तिथंच उभा होता, मोठ्या कौतुकानं काजळीकडे बघत होता. चोर सोडून संन्याशाला सुळी! भाऊसाहेब म्हणाले, "ही घोडी पुन्यांदा गावात दिसली तर बग." अण्णांनी फेटा उचलला, झटकला आणि ते पुन्हा खाली बसले. एक पाय चाचपायचा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा टेम्पो आला. काजळी त्यात कशी चढली ते मी सांगणार नाही. आई त्या दिवशी माडीवरून खाली उतरली नाही, एवढं सांगते.

व्यापारी घोडेगावच्या बाजाराला निघाला होता. घोडेगाव आमच्या शेवगावहून फार लांब नाही. मग मी घोडेगावला जायला लागले. नवऱ्याला सांगायची, शेळी बघून येते. त्यानं कधी विचारलं नाही, की बाई, एवढ्या शेळ्या बघतेस, आणत एकही नाहीस ती? बाजारात उसाच्या वाढ्यांचा गोडसर वास यायचा, शेण, बिडी, भज्यांचा धूर. व्यापारी रुमालाखाली बोटं धरून सौदे करत असायचे. मी घोड्यांच्या रांगेतून मागच्या बाजूनं चालायची, पाय बघत. काळ्या घोड्या पुष्कळ असायच्या. एक मागचा पाय पांढरा अशीही एकदा होती, पण तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. काजळीनं अशी मान फिरवली नसती. आई गेली तेव्हा शेवटच्या दिवसांत तिनं मला विचारलं, "गावली का गं?" मी म्हटलं, न्हाई. ती म्हणाली, "बग बाई, बगत ऱ्हा."

बंदी उठली. घाट पुन्हा उभा राहिला, सिमेंटचा झाला, राहुलनं पाटी कोरून घेतली. भाऊसाहेब वारले. आणि आता राहुल कमिटीचा अध्यक्ष झालाय. म्हणजे सत्कार करणारा तोच आणि करून घेणाराही तोच. शाल त्याची आणि खांदेही त्याचेच.

घाटावर कमिटीच्या मांडवात तो मध्ये बसला होता, पांढरे कपडे, डोळ्यांवर काळा चष्मा. मला पाहून उठला. "आक्का! या, या. आरं, आक्काला पानी द्या."

"पाणी नको. नाव घे."

"कुनाचं नाव?"

"तुला पाठीवर घेऊन घाट चढली तिचं."

मांडवातल्या एकदोघांना हसू फुटलं. राहुलनं चष्मा काढला. शेजारी माइक धरून बसलेला निवेदक मध्ये पडला, त्याला तोंड उघडायची हौसच. "आक्का, तसं न्हाई करता येत. घोडीचं नाव घ्यायची पद्दत न्हाई आपल्याकडं. एकीचं घेतलं की उद्या समदे घोडीवाले रांगंनं हुबं ऱ्हातील."

"राहू देत उभे," मी म्हटलं. "आल्यापासून ऐकतेय मी तुझं. मंडपवाल्याचं नाव घेतलंस. साउंडवाल्याचं घेतलंस. फेटे बांधणाऱ्याचं घेतलंस. वर तो पंखा उडतोय, तो उडवणाऱ्या पोराचं तीनदा घेतलंस. आणि जी पळाली तिचंच तेवढं तुझ्या तोंडात मावत नाही?"

"आक्का, जरा हळू," राहुल म्हणाला. "पावने बसलेत."

"तेव्हाही पाहुणेच होते."

त्यानं सगळ्यांना हातानं बाजूला जायला सांगितलं. मला मांडवाच्या कडेला घेऊन गेला. "दादांचा हात उठला, ते चुकलंच," म्हणाला. "म्या तवाच बोलायला पायजे हुतं. पर आता दादा न्हाईत. आज चार लोकांत त्यांचं नाव खराब करू का?"

"दादांचं मी काहीच मागत नाही. तुझी माफी नको, शाल नको, नारळ नको. तीन अक्षरं हवीत, का, ज आणि ळी. अण्णांना ऐकू येतंय तोवर."

तो घाटाकडे बघत राहिला. खाली पुढचा गाडा जुंपत होते. "आक्का, तुमाला म्हनून सांगतो," म्हणाला, "म्या त्या दिवशी डोळं मिटून तिच्या मानंला मिठी मारल्ती. मग एकदा डोळं उगडलं. त्याच्यानंतर लई गाड्या घेतल्या. समृद्धी मार्गावर काटा पार टेकस्तवर पळवल्या. पर तसं पुन्यांदा कदीच झालं न्हाई."

मला त्याची दया यायला हवी होती बहुतेक. आली नाही. हे त्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं, आणि पाटी कोरून घेताना त्याच्या मनात कुणाकुणाची नावं आली, मन्यापासून बादलपर्यंत. मी म्हटलं, "हे मला कानात सांगू नकोस. भोंग्यात सांग."

सत्काराची वेळ झाली. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिले, हटले नाही. निवेदकानं विक्रम वाचला. भाऊसाहेबांचं नाव, गावाचं नाव, चार बैल, सेकंद, सेकंदाचे तुकडे. टाळ्या झाल्या. राहुलच्या खांद्यावर शाल आली. तो खाली बसेल असं वाटलं. पण तो बसला नाही. त्यानं निवेदकाच्या हातातून माइक घेतला, घसा खाकरला. "एक ऱ्हायलं," म्हणाला. "या गाड्याच्या म्होरं जी घोडी पळाली, ती आपल्या गावातल्या अण्णांची. तिचं नाव काजळी. बैल तिच्या मागं पळाले, म्हनून ह्यो विक्रम झाला."

बस. मग पायऱ्यांवरून एका म्हाताऱ्या घोडीवाल्यानं शीळ घातली, आणि मग कुठून कुठून टाळ्या आल्या. मी ऐकायला थांबले नाही. मागं निवेदक खताच्या दुकानाची जाहिरात वाचत होता, आणि मी देवळाच्या बोळातून घराकडे धावत होते. या वयात, साडीचा घोळ हातात धरून. मला अण्णांचं तोंड बघायचं होतं.

वहिनी पडवीतच होती. "ऐकलं आक्का, अण्णांनी ऐकलं," म्हणाली. "डोळं उगडलं, आन् मला म्हनले, उठून बसव."

अण्णा उशीला टेकून बसले होते. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मी खाटेच्या कडेला बसले, त्यांचा हात हातात घेतला. त्या हाताला आता कशाचाच वास येत नव्हता, नुसता औषधाचा. मी म्हटलं, "अण्णा, नाव घेतलं. सगळ्या गावानं ऐकलं. राहुलनं स्वतः घेतलं."

अण्णांनी मान हलवली. मला वाटलं, आता रडतील. किंवा हसतील. किंवा निदान म्हणतील, पोरी, लई चांगलं केलंस. मी त्यासाठी शेवगावहून आले होते, खोटं कशाला बोलू?

ते दम घेत थांबले. मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, "म्हंजी नाव ठाव हुतं त्यास्नी."

"होय, अण्णा."

"मग आता घोडी आना म्हनावं."

त्यांनी हात सोडवून घेतला आणि दाराकडे बोट केलं. मी उठले, चपला पायांत अडकवल्या आणि पुन्हा घाटाकडे निघाले.